ही केस इथं चालत नाही

अन्याय झाला तो माझ्या मामीवर. कधी, तेही नेमकं सांगते. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजून गेल्यावर. लालबाग तेव्हा झोपलेलं होतं. रस्त्याच्या कडेला तुटक्या चपलांचे ढीग, गुलालाने लाल झालेलं गटाराचं पाणी, टपरीवर घसा बसल्यामुळे खुणांनीच कटिंग चहा मागणारी पोरं. मामी परळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात डायलिसिसच्या मशीनवर होती. आणि मी नि मामा लेबर कोर्टात उभे होतो, तिच्याच कामासाठी.

निकालाचा शेवटचा भाग वाचला गेला. अर्जदाराचा दावा या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येत नाही. अर्ज निकाली. योग्य त्या ठिकाणी दाद मागण्याची मुभा. पुढची केस पुकारली.

बाहेर जिन्याजवळ मामाने मला विचारलं, "म्हणजे आपण हरलो?"

"नाही."

"मग जिंकलो?"

"नाही मामा. त्यांनी केस बघितलीच नाही."

"एवढी वर्षं काय बघत होते मग?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आता आहे, आणि ते लिहायचं म्हणून बसले आहे. एका शहाण्या माणसाने निकालानंतर लगेच मला ऐकवलं की याला अन्याय म्हणत नाहीत, याला तांत्रिक बाब म्हणतात. कोर्टाने कोणाच्या विरुद्ध काही म्हटलंय का? नाही. कायदा मोडलाय का? नाही. मग रागावतेस कशाला? मी त्याला म्हटलं, एकदा सकाळी आमच्या चाळीत ये, माझ्या मामीला खुर्चीत बसवून जिना उतरवतात तेव्हा खुर्चीचा एक पाय तू धर, आणि मग मला सांग तांत्रिक बाब किती किलोची असते.

मामा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होता. चिंचपोकळीला, स्टेशनच्या बाजूच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्याची खोली. आमची नायगावची बीडीडी चाळ पुनर्विकासासाठी रिकामी केली, आईवडील भाड्याच्या जागेसाठी पार कल्याणच्या पुढे गेले, आणि मी कामासाठी मुंबईतच हवी म्हणून मामाकडे राहिले. मला मूल समजून वाढवायला मामामामी तयारच होते. मी तेव्हा बावीस वर्षांची होते ही गोष्ट मामीने शेवटपर्यंत मान्य केली नाही. मी कामगारांच्या एका संघटनेसाठी पत्रकं लिहिते, नाक्यानाक्यावर वाटते. मामी ती पत्रकं वाचायची आणि म्हणायची, "बाय गो, ह्यात सगळ्यांका शिव्या आसत. कोण चांगलो नाय काय?"

मामीच्या किडन्या गेल्या तेव्हा मामा नोकरीत होता. त्यामुळे रेल्वेच्या हॉस्पिटलात तिचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा, ठरलेली खाट, ठरलेलं मशीन. हातावर फिस्टुला, म्हणजे सुईसाठी शिरांची जोड, केला होता; तिथे बोट ठेवलं की आत रक्त भणभणताना लागायचं. मामी ते चाळीतल्या बायकांना लावून दाखवायची, जशी एखादी बाई नव्या पाटल्या दाखवते. सिस्टर तिला राजापूरवाली म्हणायच्या. सोलकढी बंद, शहाळं बंद, पाणी मोजून. तहान लागली की तोंडात बर्फाचा खडा. ती म्हणायची, कोकणातल्या बाईला नारळ बंद करणं म्हणजे जिवंतपणी तेरावं घालणं. पण तब्येत टिकून होती. बाजारहाट करायची, माझ्याशी भांडायची, चाळीच्या नळावर तर सगळ्यांशी.

मग मामा निवृत्त झाला. सत्कार झाला, शाल झाली, गळ्यात हार घालून लोकांनी त्याला चाळीच्या दारापर्यंत आणून सोडलं. निवृत्त कर्मचाऱ्याला आणि त्याच्या बायकोला पुढे आयुष्यभर रेल्वेच्या हॉस्पिटलात इलाज मिळतो. त्यासाठी एक कार्ड लागतं, आणि कार्डासाठी नोकरीची ठरावीक वर्षं भरावी लागतात. मामाची वर्षं भरून वर उरत होती. पण ऑफिसातून उत्तर आलं की नाही भरत. तुमच्या सेवेत खंड आहे. खंडाच्या आधीची वर्षं धरता येत नाहीत. त्यामुळे पेन्शन तोकडं, आणि कार्ड नामंजूर.

हा खंड कुठून आला ते सांगते, कारण तो आमच्या लोकांनाच पडू शकतो. मामा तरुण असताना एका शिमग्याला गावी गेला होता. त्या वर्षी देवाची पालखी खांद्यावर घ्यायचा मान आमच्या आजोळच्या घराकडे होता. मान थोरल्या भावाचा. पालखी घराकडे यायच्या आधी थोरला भाऊ गेला. घरात सुतक. सुतक फिटेपर्यंत पालखी वाडीबाहेर थांबली, आणि फिटल्यावर मान मामाकडे आला. तो टाकून मुंबईला निघून येणारा माणूस आमच्या गावात अजून जन्मलेला नाही. मामा थांबला. रजा संपली. त्याने परतणाऱ्या एका गाववाल्याला निरोप दिला की वर्कशॉपात साहेबाला सांग. गाववाल्याने सांगितलं. साहेबाने बरं म्हटलं. त्या वर्कशॉपात अर्धे लोक कोकणातले, शिमग्यात आणि गणपतीत हेच चालायचं. "सांगून ठेवलंय" म्हटलं की झालं. मामा परत आला, कामावर घेतला, चार शब्द ऐकवले, पगार कापला. विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. निरोप तोंडी होता, गैरहजेरी तेवढी लेखी राहिली. ती तिथे पडून राहिली, मामा निवृत्त होईपर्यंत.

यात मामाची चूक होती का? होती. पण तिची शिक्षा त्याने तेव्हाच भोगली होती. त्याच चुकीसाठी तुम्ही म्हातारपणी त्याच्या बायकोचं मशीन बंद करू शकता का, हा खरा प्रश्न. तोच आम्हाला कोणातरी न्यायाधीशाला विचारायचा होता. तो प्रश्न कोणी ऐकलाच नाही.

ऐकला नाही, कारण आम्ही चुकीच्या दारात गेलो. आणि चुकीच्या दारात नेलं ते आमच्या चाळीने.

आमच्या चाळीत एक म्हातारा आहे. गिरणीत होता, गेटवर भाषणं करायचा, संपात तुरुंगात गेला. गिरणी गेली, पण तो गावमंडळाचा सेक्रेटरी राहिला, आणि आता सगळे त्याला सेक्रेटरीच म्हणतात, त्याची सूनसुद्धा. कोणाला मालकाने काढलं, कोणाचा फंड अडकला, कोणाचा हात मशीनमध्ये गेला, की लोक त्याच्या दारात. आणि त्याचं औषध एकच: लेबर कोर्ट. गिरणगावात हे शब्द लहान पोरालाही येतात. आमच्या चार मजल्यांत असं एक घर नाही ज्यातलं कोणी त्या कोर्टाचा जिना चढलेलं नाही. कामगार आहेस ना? मग लेबर कोर्ट. यात शंका घ्यायला जागा कुठे आहे? मामाच्या हाताला ग्रीस होतं, नखं काळी होती, तो कामगार नाही तर कोण?

पण रेल्वे म्हणजे गिरणी नव्हे. रेल्वे केंद्र सरकारची. तिच्या नोकराला पेन्शन, सेवेची वर्षं, निवृत्तीनंतरच्या सवलती यांबद्दल भांडायचं असेल तर त्यासाठी वेगळं न्यायाधिकरण आहे, फोर्टात. साधं दिवाणी कोर्ट त्यात पडू शकत नाही. राज्याचं लेबर कोर्टही नाही. ते फार तर आधीच ठरलेला हक्क किती रुपयांचा होतो ते काढून देतं. हक्क आहे की नाही हाच वाद असेल तर ते त्याचं काम नाही. आणि त्या न्यायाधिकरणात नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. हे मी आता घडाघडा सांगते. तेव्हा चाळीत कोणालाच माहीत नव्हतं. रेल्वेच्या ऑफिसाला माहीत होतं. नकाराच्या कागदावर एक ओळ लिहायला काय झालं असतं, की पटत नसेल तर अमुक ठिकाणी जा? सिगारेटच्या पाकिटावर सुद्धा धोका छापतात.

केस घालायच्या आधी मंडळाच्या खोलीत नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. सेक्रेटरीनेच घातलं, गेटवरच्या आवाजात. गावच्या ग्रामदेवतेपासून सुरुवात, मग वाडीचा राखणदार, मग वेशीवरचा, मग जिथे राहतो तिथल्या जागेचा. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराचा काय चुकला माकला आसात तर पदरात घे, नि ह्येच्या बायलेच्या वाटेतलो अडथळो दूर कर रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

मामी खुर्चीतून म्हणाली, "देवाकच इचारा मगे, खयचो कोर्ट बरो तो."

सगळे हसले. मी पण.

पण बघा. गावाकडे देवाला कौल लावतात तेव्हा गुरव लगेच सांगतो: हे काम या देवाचं नाही, वरच्या वाडीच्या राखणदाराकडे जा. त्याच बैठकीत सांगतो. देवांनाही हद्द असते. कोणी म्हणत नाही की बस इथं, दरवर्षी नारळ फोड, आणि म्हातारा झालास की मग सांगतो मी तुझा देव नाही. दगडाच्या देवाला जी रीत कळते ती छापील कायद्याला कळत नाही, हे मी पत्रकात लिहिलं तर संघटनेतले लोक म्हणतील अंधश्रद्धा. म्हणोत.

कोर्टात काय झालं ते थोडक्यात. रेल्वेच्या वकिलाने पहिल्याच उत्तरात शेवटी एक वाक्य टाकलं होतं की ही केस इथं चालत नाही. असं वाक्य ते सगळ्याच उत्तरांत टाकतात, दुकानदार बिलाखाली "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" टाकतो तसं. आमचा वकील सेक्रेटरीच्या ओळखीचा, गिरण्यांच्या केसेस लढून पिकलेला. त्याला मी विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, "ते असतंच. ते नंतर बघू." कोर्टानेही तो मुद्दा लिहून घेतला आणि ठेवून दिला, सगळ्या मुद्द्यांबरोबर शेवटी बघू म्हणून. रेल्वेच्या वकिलाला घाई असायचं काही कारण नव्हतं. वाट पाहत कोण होतं? आम्ही. मशीन कोणाचं बंद झालं होतं? आमचं. त्याला फक्त तारखेला येऊन "साहेब, वेळ द्या" म्हणायचं होतं.

मधे न्यायाधीश बदलले. मधे कोर्ट बंदच होतं. मधे मामाची साक्ष झाली, अर्धी एका तारखेला, अर्धी दुसऱ्या पावसाळ्यात. मामाला साक्षीचा एवढा धसका की तो आदल्या दिवशी मला समोर बसवून सराव करायचा.

"विचार."

"तुम्ही रजेशिवाय गैरहजर होता हे खरं आहे का?"

"खोटं. मी सांगून ठेवलं होतं."

"मामा, नुसतं हो किंवा नाही बोलायचं."

"मग माझ्या तोंडाने कशाला, मान हलवायला एखादा बैल न्या ना."

गॅसपाशी मामी हसून हसून खोकायची. मग खोकला थांबायचा नाही. छातीत पाणी.

रेल्वेचं हॉस्पिटल सुटलं तेव्हा आम्ही ट्रस्टच्या हॉस्पिटलात नाव घातलं. तिथली माणसं वाईट नव्हती. पण मशीनं थोडी, रांग मोठी. तीनाचे दोन दिवस झाले. दोन दिवसांच्या मधले दिवस मामी बसून काढायची, कारण आडवं झालं की श्वास कोंडायचा. पाय सुजून चपलेत जाईनात. मामाची रबरी चप्पल घालायची. जिना उतरणं बंद झालं. मग सेक्रेटरीने मंडळाच्या खोलीतली हातांची लाकडी खुर्ची काढली, खाली दोन बांबू बांधले, आणि चाळीतले चार जण तिला खाली उतरवू लागले. सेक्रेटरी स्वतः पुढे चालायचा आणि ओरडायचा, "बाजू! बाजू! पालखी आली!" मामी वरून म्हणायची, "मेल्या, पालखीपायीच ही दशा झाली, आणि वर तिचाच गजर."

हे असं चालू असताना तो निकाल लागला. त्या दिवशी आम्ही कोर्टातून सरळ ट्रस्टच्या हॉस्पिटलात गेलो. मशीन सुटलं होतं, मामी बाकावर हाताला पट्टी दाबून बसली होती.

"काय झाला?"

मी सांगितलं, "दुसऱ्या कोर्टात जायला सांगितलंय."

तिने पट्टी उचलून बघितली, परत दाबली. "ह्येंका आजच आठावला?"

चाळीत सेक्रेटरीला सांगितलं तेव्हा तो उभा होता, तो खाली बसला. त्याने दोनदा विचारलं, नक्की तेच म्हणाले का. मग म्हणाला, "मी आयुष्यभर लोकांना तिथंच पाठवलं." एवढंच. त्या संध्याकाळी तो नेहमीसारखा गॅलरीत आला नाही.

गिरगावात एका वकीलबाईंचं ऑफिस आहे, जुन्या चाळीत तळमजल्यावर, बाहेर पापडवाल्याचं दुकान. केंद्राच्या नोकरांच्या केसेस लढतात. बाई फटकळ. निकाल वाचून चष्मा काढला आणि मला म्हणाल्या, "तू चळवळवाली ना? मग इथं आधी का नाही आलीस?" मामाला म्हणाल्या, "काका, तुमची केस चांगली आहे. शिमग्याच्या गैरहजेरीवरून सगळी जुनी वर्षं पुसायची असतील तर तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. विचारलं होतं?"

"नाही."

"मग मेरिटवर, म्हणजे मूळ मुद्द्यावर, तुम्ही जिंकाल. पण तुम्हाला मेरिटपर्यंत पोचायचंय. एक वर्षाची मुदत केव्हाच गेली. आधी उशीर माफ करून घ्यायचा. त्यासाठी शपथेवर सांगायचं की तुम्ही झोपला नव्हता, चुकीच्या कोर्टात होता, आणि चांगल्या हेतूने होता. कोणाच्या सांगण्यावरून गेलात तेही लिहायचं. चुकीचा सल्ला मिळाला असं."

मामा म्हणाला, "ते नाही लिहिणार."

"का?"

"तो माझ्या बायकोला आठवड्यातून दोनदा जिना उतरवतो."

बाईंनी पेन ठेवलं. "काका, मी त्याला फाशी देत नाहीये. एक वाक्य आहे."

"एक वाक्य म्हणूनच तर. ते कायम राहील."

आम्ही तसेच परत आलो. मी मामाशी भांडले, आवाज चढवून, म्हणजे माझ्या नेहमीच्या आवाजात. शेजारी ऐकत होते. चाळीत ते ऐकतातच. पंधरा मिनिटांत सेक्रेटरी दारात. हातात पंचा, दाढी अर्धी केलेली.

"लिही," तो मामाला म्हणाला.

"तू गप बस रे."

"लिही म्हणतो ना. चुकीचा सल्ला दिला. माझं पूर्ण नाव लिही, बापाच्या नावासकट. गेटवर मला मालकाने काय काय म्हटलंय, हे त्यापुढे काय आहे?"

"मालक म्हणाला ते वेगळं. हे मी म्हणणार."

तेव्हा मामी बोलली. तिला दोन शब्दांच्या मधे श्वास घ्यायला लागायचा, त्यामुळे सगळे थांबले. "तुमचो मान... तुमची दोस्ती... मगे करा. माका श्वास घेवचो आसा."

मामाने लिहून दिलं. सेक्रेटरी स्वतः नोटरीकडे सोबत गेला. भोईवाडा कोर्टाच्या बाहेर झाडाखाली टेबलं टाकून बसतात ना, त्यातल्या एकाकडे. परत येताना मामा म्हणाला, "केस इथंच चालली असती तर बरं झालं असतं. चालत येता आलं असतं." सेक्रेटरी म्हणाला, "तेच डोकं लावून तर आपण बुडालो." आणि दोघं रस्त्यात उभं राहून हसले. मला ते हसणं तेव्हा समजलं नाही, रागच आला.

अर्ज दाखल झाला. नोटीस निघाली. रेल्वेच्या वकिलाने उत्तरासाठी वेळ मागितला. मिळाला. पुन्हा मागितला. पुन्हा मिळाला. उशीर माफ करायचा की नाही याच्या सुनावणीला उशीर होत होता आणि त्याची माफी कोणालाच मागावी लागत नव्हती. हे वाक्य मी त्या वकीलबाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "छान आहे. पत्रकात टाक. इथं बोलू नकोस." आम्ही तातडीचा अर्जही केला, आजारपणाचे कागद लावून. जवळची तारीख मिळाली. त्या तारखेला बोर्ड, म्हणजे दिवसाच्या केसेसची यादी, आमच्यापर्यंत पोचलाच नाही.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात ट्रस्टच्या हॉस्पिटलात दोन मशीनं बिघडली. मामीची डायलिसिसची पाळी पुढे गेली. मग आणखी पुढे. मामा सरकारी हॉस्पिटलात रांगेला उभा राहिला, मी ओळखीपाळखी काढल्या, रेल्वेच्या हॉस्पिटलात जाऊन जुन्या सिस्टरला भेटले. तिला मामी आठवत होती. ती म्हणाली, "मशीन आहे गं. रिकामं पण आहे दुपारी. पण कार्डाशिवाय मी सुई लावली तर माझी नोकरी जाईल." मी तिला दोष देत नाही. तिने माझा हात धरून ठेवला होता. मशीन आहे, रिकामं आहे, बाई आहे, सुई लावणारी आहे. मधे फक्त एक प्रश्न होता, ज्याचं उत्तर कोणाच्या हद्दीत येतं हे ठरायचं होतं.

मामी पाळीच्या दिवशी सकाळी गेली. खुर्ची दारात आणून ठेवली होती, बांबू बांधून. मामा तिला लुगड्यावरून शाल गुंडाळत होता. ती म्हणाली, "जरा थांबा," आणि थांबली.

सेक्रेटरीने चौघांना खुणेने खाली पाठवलं आणि स्वतः खुर्ची उचलून परत नेली. एकट्याने. त्याच्या वयाला ते झेपणारं नव्हतं. कोणी पुढे गेलं नाही.

त्यानंतरच्या तारखेला न्यायाधिकरणाने उशीर माफ केला. काही मिनिटांचं काम. अर्जदार चांगल्या हेतूने चुकीच्या न्यायालयात दाद मागत होता हे मान्य. केस ऐकायला घेतली. वकीलबाई खूष व्हायला हव्या होत्या. त्या झाल्या नाहीत. बाहेर आल्यावर मामाने त्यांना विचारलं, "कोणाचा उशीर माफ झाला?"

"तुमचा, काका."

"माझा." तो मान हलवत राहिला. "आणि त्यांचा?"

बाईंनी फाईल उघडली, बंद केली. म्हणाल्या, पेन्शनची मागणी चालू राहील, वर्षं धरली तर थकबाकीही मिळेल, तुमचं स्वतःचं कार्ड होईल. फक्त मामींच्या इलाजाची मागणी अर्जातून काढून टाकावी लागेल. ती आता निरर्थक झाली.

"नाही काढली तर?"

"ते म्हणतील निरर्थक आहे."

"म्हणू दे," मामा म्हणाला. "पण त्यांच्या तोंडाने म्हणू दे. तिचं म्हणणं अजून कोणी ऐकलेलं नाही. एकदा तरी कोणीतरी ठरवू दे, तिचा हक्क होता की नव्हता."

ती मागणी आम्ही काढलेली नाही. केस चालू आहे.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही हळहळू नका, मला हळहळ नको आहे. तुमच्या घरात, चाळीत, मजल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेलं कोणी ना कोणी आहे. त्याच्या हातात नकाराचा कागद पडला की त्याच आठवड्यात त्याला विचारा, कुठे जाणार आहेस, आणि ते दार बरोबर आहे का हे दोन वेगळ्या माणसांकडून तपासून घ्या. आणि केस घातलीच असेल, कुठल्याही कोर्टात, तर पहिल्या तारखेला त्याच्याबरोबर जा. वकील म्हणेल, ते नंतर बघू. तो तुमचं कोपर ओढेल, ओढू दे. उभे राहा आणि विचारा: ही केस इथं चालते का? चालत नसेल तर आज सांगा. उत्तर कागदावर येईपर्यंत खाली बसू नका.